ओरखडे

मनामा. हॉल दोन, दालन एकोणीस.
आत आर्द्रता पन्नास टक्के, काट्यावर ठेवलेली.
बाहेर पार्किंगमध्ये चष्म्यावर घाम धरतो.

मी वस्तूंच्या जखमा लिहिते. पगार त्याचाच.
हातमोजे, भिंग, टॉर्च आणि छापील फॉर्म :
तडे. कसर. गंज. जुनी डागडुजी. ओरखडे.
सकाळपासून तीन उरकल्या.
इराणी सुरई, मानेपाशी सांधलेली.
कुणा फ्रेंच बाईचं तैलचित्र, गालावरचं वार्निश
कावीळ झाल्यासारखं.
झांझिबारची पेटी, जिच्या पितळी खिळ्यांवरून
कुंजुमोन उगाच दोनदा बोट फिरवून गेला
आणि म्हणाला, आमच्याकडे असल्या पेटीत तांदूळ असतो.

चौथी वस्तू : मोती चाळायचे ताशे.
सहा पितळी वाट्या, एकीच्या पोटात एक,
तळाला भोकं, मोहरीएवढ्यापासून हरभऱ्याएवढ्यापर्यंत.
तराजू. गोमेदाची वजनं. विटलेलं लाल कापड.
आणि सागवानी डबा, झाकणाच्या आतून
‘शाईची नक्षी, बहुधा भारतीय’.
असं ओदील बाईंच्या चिठ्ठीवर.

नक्षी नव्हती ती.
आधी ओढलेली सरळ रेघ, आणि तिला लोंबकळत
बोरू न उचलता लिहिलेली मोडी.
पुराभिलेखागारात दोन उन्हाळे दप्तरं झटकत शिकले होते,
शिंकत शिकले होते,
आणि नंतर कुठेच लागली नव्हती.
इथे, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर, लागली.

शके १८३७. मागील बाकी रुपये ३४०.
बाप मयत. मुलाचे नावे चढविली.

कारकून कुठला असेल? अलिबागचा, दाभोळचा?
हात न उचलता त्यानं ओळ पुरी केली,
तेवढ्यात बाहेर पाण्याखाली
कुणी श्वास न घेता किती शिंपले काढले असतील
ते मला मोजता येत नाही.

मी बाईंना सांगितलं. सांगायलाच हवं होतं का?
पण दहा वर्षं कुणी मला
‘तुला काय वाचता येतं’ असं विचारलं नव्हतं.
त्या टाळी वाजवून हसल्या, नवी चिठ्ठी छापली,
किंमत साडेचार हजार दिनारांची सात केली.
माझ्यासाठी कॉफी मागवली. चांगली होती.

चारच्या सुमारास म्हातारबुवा आले, अब्दुन्नबी,
नातीच्या खांद्यावर हात ठेवून.
किंमत विचारली नाही. सगळ्यात लहान ताशा मागितला,
कानाशी धरून हलवला. रिकामाच होता.
मग झाकणाकडे बोट : वाच.
मी वाचलं, आधी माझ्या भाषेत,
मग मोडक्यातोडक्या अरबीत.
नाखवा म्हणाले तेव्हा मीच दचकले,
आमचाही शब्द तोच, जवळजवळ तोच.

मुलाचं नाव काय, त्यांनी विचारलं.
नाव नाही. नुसतं ‘मुलाचे नावे’.
ते बराच वेळ गप्प. नातीला फोन आला,
ती दोन पावलं लांब गेली.
मग हळूच, जणू घरातल्याच कुणाबद्दल :
फिटली का?

मी झाकण उजेडात तिरकं धरलं.
खातं मिटलं की कारकून आडवी रेघ मारतो,
एवढं मला ठाऊक होतं.
भिंग लावलं. टॉर्च डावीकडून, मग उजवीकडून.
सागवानाचे रेषे, वाळवीचा एक जुना टिंब,
कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा.

ते थांबले होते. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हसत होत्या.
मी मान हलवली.

संध्याकाळी फॉर्म पुरा केला.
शाई : फिकट, वाचनीय.
कसर : किरकोळ, जुनी.
ओरखडे :
इथे पेन जरा अडलं,
मग लिहिलं, आढळले नाहीत.